गाडीची बैठक रुंद करताना: चाकांना स्पेसर बसवण्याचे टप्पे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे, जाणारी वाट डोंगराच्या कुशीतून तिरकी उतरते. एका हाताला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या हाताला ओहळापर्यंत गेलेली घळ, आणि वाटेचा कल नेमका घळीकडे. पहिल्या पावसाळ्यात जिम्नी घेऊन त्या वाटेने जाताना प्रत्येक वेळी गाडी घळीच्या बाजूला झुकते आहे असे वाटत असे. गाडीची बैठक रुंद केली तर ती अधिक स्थिर होईल, हा विचार मनात आला तो तिथेच. पुढचे दीड वर्ष मी चुकीच्या मापाचे स्पेसर विकत घेण्यात, ते परत करण्यात, दुसरे बसवण्यात आणि एकदा अपघात थोडक्यात टळण्यात घालवले. ज्यांना हा उद्योग पहिल्यांदाच करायचा आहे त्यांनी माझ्या क्रमाने जाऊ नये, म्हणून योग्य क्रम येथे लिहून ठेवत आहे. उदाहरणे जिम्नीची आहेत; जिप्सी, थार, बोलेरो यांची मापे वेगळी असली तरी टप्पे तेच आहेत.

१. आधी हिशेब करा

स्पेसर म्हणजे हब (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसते तो भाग) आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची जाड चकती. चकती जितकी जाड तितके चाक बाहेर सरकते. त्यामुळे एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ३० मिमीचे स्पेसर लावले की चाकांमधले अंतर, ज्याला ट्रॅक म्हणतात, ६० मिमीने वाढते. जिम्नीचा मूळ ट्रॅक पुढे १३९५ मिमी आणि मागे १४०५ मिमी आहे. तो अनुक्रमे १४५५ आणि १४६५ होईल.

हे आकडे ऐकायला भरघोस वाटतात. प्रत्यक्षात गाडी किती अंशांच्या तिरकेपणावर उलटेल हे निम्मा ट्रॅक आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणोत्तरावर ठरते. हिशेबापुरती ही उंची ६५० मिमी धरली, तर मूळ पुढच्या ट्रॅकवर हा कोन सुमारे ४७ अंश येतो आणि ३० मिमीचे स्पेसर लावल्यावर सुमारे ४८.२ अंश. म्हणजे मिळाले जेमतेम सव्वा अंश. आता त्याच गाडीला ५० मिमीची उंच सस्पेन्शन किट बसवली आणि गुरुत्वमध्य तितकाच वर गेला असे समजा, कोन ४४.९ अंशांवर येतो, आणि त्यावर स्पेसर लावले तरी ४६.१ अंशांच्या पुढे जात नाही. या उंच किटने जे घेतले त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त स्पेसर परत देतात. हे सगळे स्थिर उभ्या गाडीचे, कागदावरचे कोन आहेत. चालत्या गाडीत स्प्रिंगा दबतात, टायर चेपतात आणि गाडी याच्या कितीतरी आधी उलटू शकते.

मग स्पेसर लावायचेच कशाला? याला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. पहिले असे की रुंद टायर बसवल्यावर ते आतल्या बाजूने स्प्रिंगला किंवा चासीला घासू लागतात आणि तेव्हा चाक थोडे बाहेर काढणे आवश्यक ठरते. दुसरे असे की तिरक्या वाटेवर तो सव्वा अंश आणि कमी झालेले हेलकावे चालवणाऱ्याला खरोखर जाणवतात. तिसरे उत्तर, गाडी दिसायला रुबाबदार होते हे, बहुतेकांच्या मनात पहिले असते. ते असू द्यावे, पण त्यासाठी जास्त जाडीचा मोह धरू नये.

या फायद्याची किंमतही आधीच समजून घ्या. स्टिअरिंग वळवताना चाक ज्या कल्पित आसाभोवती फिरते तो आस आणि टायरचा जमिनीवरचा मध्य यांच्यातले अंतर स्पेसरमुळे वाढते. त्यामुळे दगडावर चाक आदळले की झटका थेट हातात येतो, स्टिअरिंग जड होते, आणि पुढे अखंड ॲक्सल असलेल्या जिम्नी-जिप्सीसारख्या गाड्यांत आधीच थोडे झिजलेले किंगपिनचे (चाक ज्यावर वळते त्या खुंट्याचे) बेअरिंग किंवा टाय रॉडचे सांधे असतील तर ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. चाकाच्या बेअरिंगवरही भार अधिक लांबून पडतो. मारुतीने १९९३ मध्ये जिप्सीचा ट्रॅक १२१० मिमीवरून १३०० मिमी केला, पण तो कारखान्यात आणि ॲक्सलसकट. आपण फक्त चकती घालतो, बाकीची यंत्रणा जुन्याच मापाची राहते. म्हणून माझ्या मते हलक्या गाडीला २५ ते ३० मिमी ही मर्यादा मानावी. ५० मिमीचे स्पेसर सहज विकत मिळतात, हे ते बसवण्याचे कारण होऊ शकत नाही.

२. कायदा आणि विमा

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात. मी तो दुसरा ठेवला आहे, कारण पैसे खर्च झाल्यावर माणूस कायदा नीट वाचत नाही. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. स्पेसर लावलेल्या गाड्या म्हापसा-पणजी रस्त्यावर रोज दिसतात. दिसतात म्हणून त्या कायद्यात बसतात असे नाही.

म्हणून आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. ते मिळेपर्यंत स्पेसर खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, गाडी तिथे पोचल्यानंतर बसवा आणि रस्त्यावर येण्यापूर्वी काढा. मी आजही हेच करतो, आणि सराव झाल्यावर चार चाकांना दीड तास लागतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो. अर्जाबरोबर नोंदणी प्रमाणपत्राची, विमा पॉलिसीची आणि प्रदूषण प्रमाणपत्राची प्रत, स्पेसरचे पक्के बिल, उत्पादकाचा धातू व भारक्षमतेविषयीचा कागद, आणि स्पेसर बसवण्यापूर्वीचे गाडीचे चारही बाजूंचे फोटो ठेवा.

खासगी जमीन म्हणजे काय याविषयीही गोव्यात गल्लत होते. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे. सत्तरीचा मोठा भाग म्हादई अभयारण्यात येतो आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही. बंद पडलेली चिरेखाणसुद्धा कुणाच्या तरी मालकीची असते.

३. मोजमापे घ्या, आणि ती स्वतः घ्या

माझी पहिली चूक येथे झाली. दुकानदाराने 'जिम्नीला बसतो' असे सांगितले आणि मी विश्वास ठेवला. पीसीडी, ज्याचा अर्थ खाली दिला आहे, बरोबर होता, मधले भोक लहान होते. स्पेसर हबवर पूर्ण टेकलाच नाही. पुढील मोजमापे व्हर्नियर कॅलिपरने घ्या आणि वहीत लिहून दुकानात जा.

पीसीडी. स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे, ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्याचा हा व्यास. पाच स्टडच्या चाकावर समोरासमोर स्टड नसल्याने तो थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधले अंतर मोजून त्याला ०.५८८ ने भागावे. जिम्नी आणि जिप्सी दोन्हींचा पीसीडी ५ × १३९.७ आहे, म्हणून हे अंतर सुमारे ८२ मिमी आले पाहिजे. सहा स्टडच्या गाडीत समोरासमोरचे दोन स्टड मोजले की काम होते.

मधले भोक. हबचा गोल उंचवटा ज्यातून बाहेर येतो ते हे भोक. जिम्नीचे ते सुमारे १०८ मिमी असते, म्हणजे बरेच मोठे, कारण पुढच्या बाजूला ॲक्सलचा हब त्यातून बाहेर डोकावतो. त्याच पीसीडीच्या दुसऱ्या गाडीसाठी केलेला स्पेसर स्टडमध्ये जाईल, पण हबवर अडेल. स्पेसरचे आतले भोक हबवर अचूक बसणारे आणि त्याच्या बाहेरच्या तोंडाला रिमच्या भोकात बसणारी कड असलेले असावे. अशा स्पेसरला हब-सेंट्रिक म्हणतात. नुसत्या नटांवर मध्य साधणारे स्पेसर स्वस्त असतात आणि वेग वाढला की स्टिअरिंगमध्ये कंप देतात.

स्टडचा व्यास आणि आटे. जिम्नीला एम १२ × १.२५ चे स्टड असतात, म्हणजे व्यास १२ मिमी आणि दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिमी. १.५ आट्यांचा नट १.२५ च्या स्टडवर दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो; तिथे पाना लावून जोर करणारे लोक मी पाहिले आहेत.

स्टडची लांबी. हे माप सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. चाक काढून, हब किंवा ब्रेक ड्रमच्या सपाट तोंडापासून स्टड किती बाहेर येतो ते मोजा. समजा तो ३२ मिमी आला. २५ मिमीचा स्पेसर घातला की मूळ स्टड ७ मिमी बाहेर राहील आणि रिमच्या मागच्या तोंडाला टेकेल. बऱ्याच अलॉय रिमच्या मागे स्टडच्या मधल्या जागांत खळगे असतात आणि ही टोके त्यांत सामावतात. साध्या लोखंडी रिमच्या मागे असे खळगे सहसा नसतात. टोके टेकत असतील तर चाक स्पेसरवर सपाट बसत नाही, नट मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी जाडी बदला किंवा तो नाद सोडा. ग्राइंडर घेऊन स्टड कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण स्पेसर काढल्यावर त्याच आखूड स्टडवर तुम्हाला मूळ चाक लावायचे आहे.

मडगार्डपर्यंतचे अंतर. गाडी सपाट जमिनीवर उभी करून मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरची बाहेरची बाजू दोरीच्या किती आत आहे ते मोजा. हे अंतर स्पेसरच्या जाडीपेक्षा कमी असेल तर टायर मडगार्डच्या बाहेर येणार. मग दरवाजांवर तांबड्या मातीचे सपकारे बसतील, मागच्या गाडीच्या काचेवर खडी उडेल आणि कायद्याचा प्रश्न अधिक गंभीर होईल.

४. कोणता स्पेसर घ्यावा, की घेऊच नये

बाजारात दोन जाती आहेत. पहिली साधी चकती. ती मूळ स्टडवर ओवायची आणि चाक त्याच स्टडवर लावायचे. या प्रकारात चकतीच्या जाडीइतके आटे नटाच्या वाट्याचे कमी होतात. नटाने किमान स्टडच्या व्यासाइतकी लांबी पकडली पाहिजे, म्हणजे एम १२ साठी १२ मिमी, १.२५ च्या आट्यावर हे साडेनऊ फेरे होतात. हाताने नट फिरवून फेरे मोजा. मूळ स्टडवर ५ मिमीपेक्षा जाड चकती मी कधीही लावणार नाही.

दुसरी जात बोल्ट-ऑन. हा स्पेसर मूळ स्टडवर वेगळ्या नटांनी आवळला जातो आणि त्याच्या अंगात बसवलेल्या नव्या स्टडवर चाक लागते. २५-३० मिमीसाठी हाच योग्य. तो ओतीव नसून फोर्जिंग किंवा घन बिलेटमधून कापलेला, ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचा असावा. ओतीव चकतीत आत हवेचे बुडबुडे राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. ज्या स्पेसरवर उत्पादकाचे नाव, माप आणि धातूचा दर्जा कोरलेला नाही तो कितीही चकचकीत असला तरी परत ठेवा. हाती आल्यावर ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊन दोन्ही तोंडे समांतर आहेत का ते डायल गेजवर पाहून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, आणि माझ्या पहिल्या संचातला एक स्पेसर याच तपासणीत वाकडा निघाला.

आणखी एक मार्ग आहे आणि तो अनेकांसाठी अधिक शहाणपणाचा आहे. नवे रिम घ्यायचेच असतील तर कमी ऑफसेटचे घ्या. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि त्याचे हबला टेकणारे तोंड यांच्यातले अंतर; तो जितका कमी तितके चाक बाहेर. जिम्नीच्या मूळ रिमचा ऑफसेट अधिक ५ मिमी आहे. उणे २० मिमीचा रिम घेतला तर चाक २५ मिमी बाहेर येते, म्हणजे २५ मिमीच्या स्पेसरइतकेच. स्टिअरिंगवरचा आणि बेअरिंगवरचा ताण दोन्हींत सारखाच वाढतो, पण रिममध्ये नटांचा जादा सांधा नसतो. मी स्पेसर निवडले ते केवळ मूळ रिम आणि टायर नवे कोरे होते म्हणून, आणि मला ते हवे तेव्हा काढता येणे गरजेचे होते म्हणून.

५. जवळ ठेवायची साधने

टॉर्क रेंच, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, जो उसना मागू नये, विकत घ्यावा. पातळ भिंतीचा सॉकेट, कारण आतला नट खोलगट भोकात बसतो आणि जाड सॉकेट तिथे शिरत नाही. दोन जॅक स्टँड, गाडी सरकू नये म्हणून चाकांना लावायचे ठोकळे, जॅकखाली घालायला दीड-दोन इंच जाडीची फळी (पावसाने मऊ झालेल्या मातीत जॅक बघता बघता रुततो), तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, अँटी-सीझ ग्रीस (धातू एकमेकांना चिकटून बसू नयेत म्हणून), खुणेसाठी रंगाचा पेन, व्हर्नियर.

६. बसवण्याचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून विरुद्ध टोकाच्या चाकांना ठोकळे लावा आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग उचला, जॅक स्टँड लावा, चाक काढा. मागच्या ड्रमवर काही गाड्यांत कारखान्यातूनच पातळ पत्र्याच्या क्लिपा स्टडवर अडकवलेल्या असतात. त्या काढल्या नाहीत तर स्पेसर केसभर अधांतरी राहतो.

यानंतर साफसफाई, आणि येथे घाई करू नका. हबच्या तोंडावरचा गंज, मातीचा थर, जुना रंग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढा. गंजाचा पापुद्रा नट आवळताना दबतो आणि पुढे चालत्या गाडीत चुरून निघून जातो. तेवढीच ढिलाई नटात येते. स्वच्छ तोंडावर आणि हबच्या गोल कडेवर अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण वंगण लागलेल्या आट्यांवर टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो पण स्टड प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

स्पेसर हाताने सरकवा. तो हबवर शेवटपर्यंत हातानेच बसला पाहिजे. हातोडीची गरज भासली तर माप चुकले आहे. मग त्याच्याबरोबर आलेले आतले नट हाताने लावा. गाडी उचललेली असल्याने हब फिरेल. मागच्या चाकांना हँडब्रेक पुरतो, पुढच्यांसाठी घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा. नट एकाआड एक, ताऱ्याच्या क्रमाने आवळा: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. पहिला फेरा निम्म्या टॉर्कने, दुसरा पूर्ण टॉर्कने. आतल्या नटांचा आकडा स्पेसरच्या उत्पादकाने दिलेला घ्या. थ्रेड लॉक (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावायचा की नाही हेही त्यानेच सांगितलेले पाळा. चारही बाजूंना सरळ पट्टी आडवी धरून नट किंवा स्टडचे टोक स्पेसरच्या तोंडाच्या वर येत नाही ना ते पाहा. रिमच्या मागे खळगे असतील आणि टोक त्यांत बसत असेल तेवढाच अपवाद. मग प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. पुढे ही रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे कळते.

आता चाक लावा. जिम्नीच्या चाकाच्या नटांचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर आहे. हा आकडा किती लहान आहे हे लक्षात यावे म्हणून सांगतो: ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर सुमारे २७० न्यूटन-मीटर पडतात. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची आपल्याकडची पद्धत स्टडला पावणेतीन पट ताणते, आणि स्पेसरचे स्टड ॲल्युमिनियममध्ये दाबून बसवलेले असल्याने ते ओढले जाऊन मागून सैल होतात.

७. घासते का ते पाहणे

चाके जमिनीवर आली की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर बंपरच्या मागच्या कडेला, आतल्या प्लास्टिकला किंवा ब्रेकच्या नळीला लागतो का ते पाहा. चाक बाहेर गेल्यामुळे वळताना ते मोठा घेर घेते, म्हणून सरळ उभ्या गाडीत दिसणारी मोकळी जागा फसवी असते. नंतर एक पुढचे चाक चिऱ्यांच्या भक्कम रचलेल्या पायरीवर चढवा, म्हणजे ते मडगार्डच्या आत दाबले जाईल, आणि त्या स्थितीत पुन्हा स्टिअरिंग फिरवा. कर्णरेषेतल्या मागच्या चाकाचेही तसेच. शेवटी अलाइनमेंट करून घ्या. स्पीडोमीटरवर परिणाम होत नाही, कारण टायरचा व्यास तोच राहतो.

८. पहिले शंभर किलोमीटर, आणि त्यानंतरचे पंक्चर

पहिल्या दहा किलोमीटरांनंतर, मग पन्नास आणि शंभर किलोमीटरांनंतर नट पुन्हा तपासा. येथे नवख्यांचा घात होतो, कारण ते बाहेरचे, दिसणारे नट तपासतात. गाडीला धरून ठेवणारे आतले नट चाकाच्या मागे लपलेले असतात आणि चाक काढल्याशिवाय त्यांना हात लागत नाही. प्रत्येक तपासणीला चाक काढावेच लागते. हे कंटाळवाणे आहे, आणि ज्याला हा कंटाळा परवडणार नाही त्याने ऑफसेटचे रिम घ्यावेत.

मी स्वतः हा कंटाळा एकदा केला. एका मित्राच्या काजूच्या बागेत आम्ही चार गाड्या घेऊन गेलो होतो. मागचे डावे चाक पंक्चर झाले, जवळच्या पंक्चरवाल्याला बोलावले, त्याने इम्पॅक्ट गनने चाक काढले आणि त्याच गनने परत लावले. काढताना दोन आतले नटही चाकाबरोबर हलले असावेत. मी रंगाच्या रेघा पाहिल्या नाहीत, पाऊस सुरू झाला होता. तासाभराने उतारावर मागून 'टक, टक' असा आवाज येऊ लागला. मला वाटले, चाकात दगड अडकला. उतरून पाहिले तर चाक हाताने हलत होते. काढले तेव्हा दोन आतले नट पूर्ण निघून स्पेसर आणि रिम यांच्या मधल्या पोकळीत खुळखुळत होते, आणि एक स्टड मुळापासून तुटला होता. वेग ताशी दहा किलोमीटर होता म्हणून निभावले. आमचे फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तो तुटका स्टड हातात घेऊन एवढेच विचारले, "रेघ पाहिली होतीस?"

तेव्हापासून गाडीत एक नियम आहे: पंक्चर कोणीही काढो, चाक मी काढतो आणि मी लावतो, आणि लावण्यापूर्वी पाचही रेघा पाहतो. स्टेपनी स्पेसरवर त्याच नटांनी लागते, मात्र तुमची स्टेपनी लोखंडी आणि बाकीचे रिम अलॉय असतील तर तिच्या मागे स्टडची टोके टेकतात का हे घरीच तपासून ठेवा. जंगलात ते कळणे उपयोगाचे नाही.

महिन्यातून एकदा चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा किंगपिन पाहून घ्या. आणि चिखलातून आल्यावर गाडी ताशी साठला थरथरली तर आधी रिमच्या आत वाळलेली तांबडी माती खरवडून धुवा. जांभ्याचा चिखल वाळला की एका बाजूला जड गोळा होतो आणि दोष बिचाऱ्या स्पेसरवर येतो.

९. पावसाळा, खारी हवा आणि स्पेसर काढणे

ॲल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी हब यांच्यामध्ये ओल राहिली की दोन वेगळ्या धातूंमुळे गंज झपाट्याने चढतो, आणि खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात, मोरजीपासून काणकोणापर्यंत, हे आणखी लवकर होते. स्पेसर वर्षभर ठेवणाऱ्यांनी निदान जूनपूर्वी आणि सप्टेंबरनंतर तो काढून दोन्ही तोंडे साफ करावीत. पांढरी भुकटी दिसली तर ती ॲल्युमिनियमचा गंज आहे. ती पुसून, पृष्ठभागाला खड्डे पडलेत का आणि स्टडच्या भोकांभोवती केसासारखी रेघ दिसते का ते उजेडात पाहावे. रेघ दिसली की तो स्पेसर भंगारात. वेल्डिंग करून घेऊ नये.

हबला चिकटून बसलेला स्पेसर काढताना कडेवर हातोडी मारू नका, कड वाकते आणि नंतर रिम त्यावर बसत नाही. गंज सोडवणारे तेल फवारून रात्रभर थांबा. सकाळी स्पेसरच्या बाहेरच्या घेरावर लाकडी ठोकळा धरून, गोल फिरत, हलके ठोके द्या. तरीही हलला नाही तर आतले नट दोन-तीन आट्यांवर ठेवूनच पुन्हा ठोका, म्हणजे तो सुटून पायावर पडणार नाही. काढल्यावर कोरडा करून, आतल्या नटांसह, प्रत्येक स्पेसर वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर कोणत्या चाकाचा ते लिहा. चाकाचे मूळ नट स्पेसरच्या नटांत मिसळू देऊ नका: दोन्हींचे आटे सारखे असले तरी आतले नट आखूड असतात, आणि सांजवेळी, पावसाच्या पहिल्या थेंबांत, हातातला नट कोणता हे ओळखता येत नाही.